चार फुटांपर्यंतचा आक्रमकपणा

सायकलच्या सगळ्या भागांत फ्रेम हा एकटाच असा, की जो काहीही करत नाही. चाक फिरतं, साखळी ओढते, ब्रेक धरतो, गिअर ऐन चढावर दगा देतो. फ्रेम नुसती असते. तिच्यात हलणारं काही नाही, तेल घालायची जागा नाही, पिळायला स्क्रू नाही. आणि तरीही सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकरानंतर जी भांडणं पेटतात, ज्यांत ॲडमिनला मध्ये पडून ‘कृपया ग्रुपचा उद्देश लक्षात ठेवावा’ असं लिहावं लागतं, ती हटकून फ्रेमवरून असतात.

त्यातून फ्रेम हार्डटेल असेल तर विचारूच नका. हार्डटेल म्हणजे पुढे सस्पेन्शनचा चिमटा आणि मागे काही नाही. (ग्रुपवर ‘फोर्क’ म्हणायचं असतं. चिमटा म्हटलं की तुमचं जन्मसाल कळतं.) मागचं सस्पेन्शन म्हणजे स्वाराचे गुडघे. ते कंपनी देत नाही, ज्याचे त्याने आणायचे. चाळिशीनंतर त्यांचेही सुटे भाग मिळतात, पण ते सायकलच्या दुकानात नव्हे.

मग माणूस हार्डटेल घेतो तरी कशाला? खरं कारण पैसे. पण ते कुणी सांगत नाही. सांगायची कारणं वेगळी असतात: हार्डटेलवर माणूस लाइन, म्हणजे खडकांतून जायची वाट, निवडायला शिकतो, पाय बोलके होतात, सायकल ‘प्रामाणिक’ असते. ही कारणं खोटी नाहीत. मागे सस्पेन्शन असलं की खडक चुकला तरी ते पोटात घालतं. हार्डटेल तो खडक थेट माकडहाडाला कळवते. शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर टेकड्यांवर जो चिखल असतो तो सस्पेन्शनच्या सांध्यांत शिरून बेअरिंगं खातो. हार्डटेलला मागे सांधाच नाही, त्यामुळे खायला काही नाही. सह्याद्रीच्या पावसात हा गुण मी फार मोठा मानतो.

आता ‘आक्रमक’ या शब्दाकडे येऊ. फ्रेम शोधणारा प्रत्येक जण आपण ‘ॲग्रेसिव्ह ट्रेल रायडिंग’ करतो असं सांगतो. मी ज्यांना ओळखतो ते सगळे अत्यंत सौम्य लोक आहेत. एक जण पतपेढीत आहे, दोघे सॉफ्टवेअरमध्ये, एक दातांचे डॉक्टर. रिक्षावाला नाही म्हणाला तर ‘ठीक आहे दादा’ म्हणून पुढच्या रिक्षाकडे जाणारी ही माणसं. ती रविवारी सकाळी सहा वाजता गुडघ्यांना पॅड बांधून, हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट घालून पुण्यातल्या वेताळ टेकडीवर उभी राहतात, आणि फिरायला आलेले आजोबा त्यांना म्हणतात, “जरा बेतानं हं, इथं माणसं चालतात.” त्यावर ही आक्रमक मंडळी सायकलवरून उतरून आजोबांना वाट देतात.

मला वाटायचं, आक्रमक म्हणजे नक्की किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तसं नाही. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकसंस्थेने ते इंचांत मोजून ठेवलं आहे. तिच्या एफ 2043 या मानकात सायकली कुठल्या वापरासाठी आहेत याचे वर्ग पाडले आहेत. पहिला डांबरी रस्त्याचा. तिसऱ्या वर्गात खडबडीत पायवाटा आल्या, आणि उडी किंवा खाली पडणं 24 इंचांच्या आत. चौथ्यात 48 इंचांच्या आत. म्हणजे दोन फुटांपर्यंत तुम्ही नुसते हौशी; दोन फुटांच्या वर आणि चार फुटांपर्यंत अधिकृतपणे आक्रमक. त्यापुढे पाचवा वर्ग, ते लोक वेगळेच, त्यांच्या घरच्यांनी त्यांचा नाद सोडलेला असतो. हा वर्गाचा आकडा पुष्कळ कंपन्या फ्रेमच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत छापतात. दीड महिना रंग, कोन आणि धातू यांचा अभ्यास केलेला माणूस तो आकडा बघत नाही, आणि तीन नंबरची फ्रेम घेऊन चार फुटांवरून उडी मारतो. मग वेल्डला भेग गेली की कंपनी वॉरंटीच्या पत्राला नम्रपणे उत्तर देते. आक्रमक व्हायचं असेल तर आधी चारचा आकडा बघावा. बाकी सगळं नंतर.

या खेळाची सुरुवात फार बिनआकड्यांची होती. कॅलिफोर्नियात मरीन काउंटी म्हणून भाग आहे. तिथल्या डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून 1976 सालच्या ऑक्टोबरात काही दाढीवाल्या तरुणांनी शर्यत लावली. सायकली होत्या श्विन कंपनीच्या तीस-चाळीस वर्षं जुन्या, जड टायरच्या, भंगारात जायच्या लायकीच्या. ब्रेक मागच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबलं की लागणारा. उतार संपेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर यायचा आणि पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नाव ‘रीपॅक’. त्यांतल्या जो ब्रीझ नावाच्या एकाने पुढच्याच वर्षी खास या कामासाठी स्टीलची फ्रेम बांधली. त्या मंडळींनी हेड अँगल किती, रीच किती, असली चर्चा करून शर्यत लांबवल्याचं कुठे वाचनात नाही.

आज मात्र सगळा जीव हेड अँगलमध्ये अडकला आहे. चिमटा ज्या नळीत बसतो ती नळी जमिनीशी जो कोन करते, तो हेड अँगल. नव्वदच्या दशकात तो साधारण 71 अंश असायचा. उतारावर पुढचं चाक जवळजवळ पायाखाली यायचं आणि स्वार हँडलवरून पुढे जायचा. हळूहळू कोन पडत गेला. 2012 च्या सुमाराला कोना कंपनीच्या स्टीलच्या होन्झोने 68 अंश आणि अगदी आखूड शेपटी आणली तेव्हा लोकांनी डोळे विस्फारले होते. आज आक्रमक हार्डटेलला 64 ते 65 ही सर्वसाधारण गोष्ट झाली आहे. कोन जितका पडलेला तितकं पुढचं चाक लांब, तितकी उतारावर सायकल शांत. चढावर मात्र तेच चाक भटकतं, आणि वळणावर हँडल आपणहून एका बाजूला कलंडतं.

या आकड्यावरून होणारे वाद ऐकले की वाटतं, शाळेत अर्ध्या मार्कासाठी सरांच्या मागे स्टाफरूमपर्यंत गेलेली मुलं हीच. फरक एवढाच की तेव्हा अर्धा वाढवून हवा असायचा आणि आता अर्धा कमी करून. “त्याची साडेचौसष्ट आहे रे, मला चौसष्ट पाहिजे.” हा अर्धा अंश कुठे जातो तेही सांगतो. हार्डटेलवर माणूस बसला की पुढचा चिमटा त्याच्या वजनाने साधारण पाचवा हिस्सा दबतो. मागे दबायला काहीच नाही. त्यामुळे सगळी सायकल पुढे झुकते आणि कोन एक-सव्वा अंशाने उभा होतो. कागदावरची 64 टेकडीवर 65 च्या पुढे गेलेली असते. चिमट्यात पाच-दहा पौंड हवा कमी-जास्त झाली की वादातल्या त्या अर्ध्या अंशातला निम्मा तिथेच खर्ची पडतो. आणि 140 मिलिमीटरचा चिमटा एखाद्या खडकावर पूर्ण दाबला गेला की, म्हणजे नेमकं जेव्हा पडलेला कोन हवा तेव्हा, तो सत्तरीच्या घरात गेलेला असतो. थेट नव्वदच्या दशकात.

यातून दोन गोष्टी निघतात. दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या सायकलची 65 आणि हार्डटेलची 65 एक नव्हे. तिथे पुढचं-मागचं दोन्ही दबतं, म्हणून कोन जागेवर राहतो. हार्डटेलचा आकडा त्याहून अंशभर कमीच हवा. दुसरी अशी की चिमटा लांब केला म्हणून सायकल शूर होत नाही. जितका लांब, तितकी जास्त झुकणार. शिवाय प्रत्येक फ्रेमवर जास्तीत जास्त किती मिलिमीटरचा चिमटा चालेल हे कंपनीने लिहिलेलं असतं. त्यापुढचा लावला की पुढच्या नळीच्या सांध्यावर जास्तीचा ताण येतो आणि वॉरंटी जाते. 130 ते 150 च्या मध्ये बहुतेकांचं भागतं. तरी 160 लावणारे भेटतात. मागचं चाक खडकावर आपटत असताना पुढे एवढा लांब चिमटा लावून ते नक्की कुणाला वाचवतात, हे मला कळलेलं नाही.

मग धातू. इथे तीन पंथ आहेत. कार्बनवाले फारसे बोलत नाहीत, कारण त्यांनी पैसे दिलेले असतात. ॲल्युमिनियमवाले बोलत नाहीत, कारण त्यांनी वाचवलेले असतात. बोलतात ते स्टीलवाले. स्टील जिवंत असतं, स्टीलला लय असते, स्टीलची फ्रेम ‘गाते’. शिवाय त्यांचं हुकमी वाक्य: “स्टील तुटलं तर कुठल्याही खेड्यात वेल्डिंग करून मिळतं.” कधी तरी हे करून बघावं. चांगल्या क्रोमोली नळीची भिंत मधल्या भागात मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्या गावातल्या भल्या माणसाने तिला वेल्डिंगची कांडी टेकवली की आधी एक भोक पडतं, मग ते बुजवताना दुसरं. गाणं तिथेच थांबतं.

ॲल्युमिनियमची बाजू आमच्या घरात माझी फ्रेम आली त्याच दिवशी कमजोर पडली. मावशीने फ्रेमवर टिचकी मारली आणि विचारलं, “हे जर्मल ना रे? पोचे पडतील की.” जर्मलच्या पातेल्यांत जिचा जन्म गेला तिला हे सांगायला धातुशास्त्र लागत नाही, आणि ती म्हणते ते बरोबरच आहे. नळीचा मधला भाग पातळ असतो, सायकल दगडावर आडवी पडली की पोचा येतो.

पण मावशीच्या पातेल्यात आणि या फ्रेममध्ये एक भट्टी आहे. फ्रेमचं ॲल्युमिनियम शुद्ध नसतं. बहुतेक वेळा ते 6061 नावाचं मिश्रण असतं, त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन. नळ्या वेल्ड केल्या की सांध्याभोवतीचा धातू उष्णतेने मऊ पडतो. म्हणून सगळीच्या सगळी फ्रेम सुमारे 530 अंश सेल्सिअसला तापवतात, झटकन थंड करतात, वाकली असेल तर सरळ करतात, आणि मग पुन्हा पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास भाजतात. या सगळ्या सोपस्कारांना नावाशेजारी ‘टी 6’ एवढी दोन अक्षरं मिळतात. 7005 नावाचं जस्ताचं मिश्रण त्यामानाने समजूतदार, त्याला पहिली मोठी भट्टी लागत नाही. तेव्हा 6061 ची फ्रेम तडकली तर वेल्डिंग होईल, भट्टी होणार नाही. आणि भट्टीशिवायचा सांधा म्हणजे नुसता दिलासा. तडकलेली ॲल्युमिनियमची फ्रेम निवृत्त करावी.

वजनाचं गणितही गमतीचं आहे. ॲल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांश वजनाचं, आणि ताठपणालाही एक तृतीयांश. म्हणजे तेवढ्याच नळ्या वापरल्या तर सायकल हलकी होईल आणि वाकेलही. उपाय एकच, नळी जाड करायची. भिंत तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होतं, पण ताठपणा आठपट. गॅरी क्लाईन आणि मग कॅननडेल यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत हेच केलं. तेव्हापासून ॲल्युमिनियमच्या सायकली पाइपलाइनच्या कामावरून आणल्यासारख्या दिसतात.

स्टीलवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. ठरावीक मर्यादेच्या आतले हादरे स्टील कितीही वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, ते प्रत्येक हादरा मनात ठेवतं. म्हणून बनवणारे ते मुळातच गरजेपेक्षा दणकट बनवतात, आणि प्रयोगशाळेत यंत्र पायडलवर लाखभर वेळा दाब देऊन बघतं. तुम्ही एवढंच करायचं: सायकल धुताना पुढच्या नळीचा सांधा, सीटखालचा सांधा आणि मागच्या चाकाजवळच्या पट्ट्या यांवरून बोट फिरवायचं. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर थांबायचं.

आणि स्टील मऊ चालतं, ॲल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं, या वादाबद्दल: फ्रेम उभ्या दिशेने वाकून वाकून किती वाकणार? अडीच इंची टायरमध्ये वीस-बावीस पौंड हवा असेल तर तो खडकावर जेवढा दबतो त्याच्यापुढे फ्रेमचं वाकणं हिशोबात धरण्यासारखं नाही. चार पौंड हवा कमी करून जो फरक पडतो तो धातू बदलून पडत नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा दोन दिवस कुणी बोललं नाही आणि तिसऱ्या दिवशी एकाने स्टीलच्या फ्रेमचा सूर्यास्तातला फोटो टाकला.

ज्यांना ॲल्युमिनियम गरिबाचा धातू वाटतो त्यांच्यासाठी: अँडोरातली कॉमेन्साल कंपनी बरीच वर्षं कार्बनला हात न लावता ॲल्युमिनियमच्याच फ्रेम करत आली आहे, आणि 2018 चा डाउनहिल वर्ल्ड कप आमोरी पिएरॉं याने त्यांच्याच सायकलवर जिंकला. सायकल अर्थातच हार्डटेल नव्हती. पण धातू मावशीचाच होता.

आता खरी बघायची गोष्ट, जी जाहिरातीच्या फोटोत दिसतच नाही. हार्डटेलचं मागचं चाक खडकावर उसळलं की सीट खालून येऊन स्वाराला ढकलते. म्हणून उतारावर सीट अगदी खाली गेली पाहिजे. त्यासाठी हँडलवरच्या बटणाने खाली-वर होणारी ड्रॉपर सीटपोस्ट असते, आणि ती पूर्ण खाली जायला सीटची नळी आखूडही हवी आणि आतून सरळ, मोकळीही. पुष्कळ फ्रेममध्ये ही नळी मध्येच वाकलेली असते, किंवा पाण्याच्या बाटलीचे बोल्ट आतून आडवे येतात. मग 180 मिलिमीटरचा ड्रॉपर निम्म्यावर अडकतो आणि 125 वर समाधान मानावं लागतं. आपली सर्वसाधारण उंची बघता हा आकडा हेड अँगलच्या आधी विचारायला हवा. पोस्ट आत किती मिलिमीटर जाते, एवढा एकच प्रश्न. दुकानदार पहिल्यांदाच डोकं वर करून बघतो.

सीट खाली यायची म्हणून मधली दांडीही उतरती ठेवतात. इतकी, की माझ्या काकांनी सायकल बघून पहिला प्रश्न विचारला, “लेडीज घेतलीस का रे?” मी हेड अँगल समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. मग किंमत विचारली. सांगितली. नुसत्या फ्रेमच्या पैशांत बऱ्यापैकी सेकंडहँड स्कूटर येते, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसलं.

“आणि चाकं?”

“ती वेगळी घ्यायची, काका.”

“म्हणजे त्यांनी दिलं काय?”

या प्रश्नाला सायकलजगताकडे अजून उत्तर नाही.

बाकीचं झटपट सांगतो. रीच, म्हणजे उभं राहून चालवताना पुढे मिळणारी जागा, पाच फूट सहाच्या माणसाला 440-450 मिलिमीटर पुष्कळ झाली. मोठ्या साइजची फ्रेम सवलतीत मिळते म्हणून घेऊ नये. सवलत संपते, हात वाढत नाहीत. मागच्या पट्ट्या 415 ते 420 च्या असतील तर पुढचं चाक चटकन उचलता येतं, 435 च्या पुढे असतील तर वेगात स्थिर वाटतं. सांताक्रूझची कमीलियन किंवा बॅन्शीची पॅरॅडॉक्स यांना मागचे ड्रॉपआउट, म्हणजे मागचं चाक जिथे बसतं ते तुकडे, बदलता येतात, निर्णय न घेता येणाऱ्यांसाठी ही चांगली सोय. मागे 2.4 चा टायर बसवून दोन्ही बाजूंना बोट सहज जाईल एवढी जागा उरली पाहिजे, नाही तर पावसाळ्यात चिखल तिथे ठाण मांडतो आणि सायकल खांद्यावर घेऊन घरी यावं लागतं. बी.बी., म्हणजे पायडलच्या दांड्यांमधली बेअरिंगची बैठक, आट्यांचीच घ्यावी. दाबून बसवलेली काही दिवसांत कुरकुरायला लागते, आणि ती कुरकुर नक्की कुठून येते हे शोधण्यात शहाण्या माणसांचे रविवार गेले आहेत. आट्यांच्या बी.बी.चा उजवा कप उलट्या आट्याचा असतो हे तेवढं मिस्त्रीला आधी सांगा, तो जोर लावायच्या आत.

उरलेले पैसे मागच्या चाकात घाला. हार्डटेलवर सगळा मार तेच खातं, आणि आपल्याकडचा बेसॉल्ट रिमची पर्वा करत नाही. 32 तारांचं चाक, जाड भिंतीचा टायर, जमलं तर आत फोमचं इन्सर्ट. महागडी फ्रेम आणि हलकं मागचं चाक घेणाऱ्यांपेक्षा साधी चार नंबरची फ्रेम आणि दणकट चाक घेणारे जास्त वेळा उतारावरून सायकलवर बसून परत येतात.

आणि गिअरचे हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्यावर लटकतो ते तुकडे, फ्रेमबरोबरच दोन मागवा. सायकल उजव्या अंगावर पडली की वाकावा म्हणूनच हँगर मुद्दाम मऊ केलेला असतो. 2019 नंतर पुष्कळ कंपन्यांनी एसरॅम कंपनीचा एकच सामाईक हँगर स्वीकारला आहे. तो ज्या फ्रेमला बसतो ती फ्रेम पसंत करा. दुसऱ्या कुठल्या घाटाचा असेल आणि नंतर एकटा परदेशातून मागवायची वेळ आली, तर कुरिअरचा खर्च हँगरच्या किमतीपेक्षा जास्त येतो.